हवा कुठून ओढतंय

१

आमच्याकडे इंजिन दुरुस्त झालं की ते लगेच परत देत नाहीत. आधी तासभर, कधी दोन तास, नुसतं मंद चालवून ठेवतात, रेस न देता. ह्यांचं म्हणणं असं की रेस दिल्यावर कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं, खरं दुखणं कळतं ते त्याला एकटं सोडल्यावर. म्हणून दुपारची जेवणं झाली की दुरुस्त झालेलं इंजिन भिंतीलगतच्या लोखंडी टेबलावर चढतं, हे शटरपाशी दुसऱ्या कामाला बसतात, आणि मी आतल्या खोलीत त्याच भिंतीला पाठ टेकून बसते. कान माझे. लग्न होऊन आले तेव्हा चोक कुठला आणि प्लग कुठला हेही मला कळत नव्हतं, पण आवाज बिघडला की कळायचं. दूध उतू जायच्या आधी भांडं जसं वेगळं वाजतं, तसं. आवाज खाली गेला तर मी भिंतीवर एक थाप मारते, आपोआप वर चढला तर दोन. मग हे उठून हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवतात. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं असं भिंतीतून होतं, असं वन्सं म्हणतात.

दुसरं माझं काम चिठ्ठ्यांचं. माझं अक्षर बरं आहे म्हणून प्रत्येक इंजिनाला तारेने बांधायची चिठ्ठी मी लिहिते. गिऱ्हाईक बोलेल ते शब्द जसेच्या तसे, कारण ह्यांना त्यातूनच दुखणं कळतं. एकाने सांगितलं होतं, माझ्या मेव्हण्यासारखं आहे, हलवलं की उठतं, सोडलं की झोपतं. मी तेच लिहिलं. ह्यांनी न उघडताच ओळखलं की स्लो जेटमध्ये, मंद चालताना पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, कचरा आहे.

रोपवाल्या बाई आल्या त्या सोमवारी. गावाबाहेर त्यांची रोपांची बाग आहे, तिथल्या पाण्याच्या पंपाचं लहान इंजिन त्यांनी हातगाडीवर आणलं होतं. नखांत माती, केस पिकायला लागलेले, वय मात्र फार नसावं. इंजिन मऊ, खूपदा धुतलेल्या कापडात गुंडाळलेलं होतं. गाडीवरून उतरवताना त्यांनी एक हात त्याच्या खाली धरला. मी चिठ्ठी घेऊन विचारलं, काय होतंय. त्या म्हणाल्या, "चांगलं चाललं होतं. मग एका दुपारी आपोआप शांत झालं."

मी तेच लिहिलं. हे चिठ्ठी वाचून हसले, ही काय तक्रार झाली, आणि खाली पेन्सिलीने स्वतःच लिहिलं, रेस सोडली की बंद. आत आमची पिटुकली तेवढ्यात कुरकुरली. बाईंनी मान वळवली. किती महिन्यांची, म्हणून विचारलं. पाच सरले, मी सांगितलं. ह्या वयात झोप फार असते, असं म्हणून त्या रिकामी गाडी ढकलत गेल्या.

२

त्या इंजिनाने ह्यांचे तीन दिवस खाल्ले. कार्बोरेटर सुटा केला, धुतला, जेट उजेडात धरून पाहिला. त्यातून उजेड आरपार दिसत होता. पॅकिंग नवं घातलं, प्लग बदलला. दोरी एकदा ओढली की चालू व्हायचं, रेस दिली की गुणी बाळासारखं चालायचं. हात काढला की पाच-सहा ठोके टाकून मान टाकायचं.

गुरुवारी दुपारी मी पिटुकलीला घेऊन आत आले आणि तिला पाळण्यात ठेवलं. पाळणा त्याच भिंतीशी आहे. खोलीच तेवढी, दुसरीकडे ठेवला तर दार उघडत नाही. पलीकडे ह्यांनी दोरी ओढली. मी पाच-सहा ठोके मोजले. मग सात, दहा, वीस. इंजिन चालत राहिलं. हे बाहेरून ओरडून म्हणाले, काय केलंस गं. मी म्हटलं, काही नाही, हिला झोपवलं.

एवढंच की आवाज झुलत होता. थोडा वर, थोडा खाली, परत वर. असं झुलणारं इंजिन कुठून तरी चोरटी हवा ओढत असतं. फट सापडायला हे एकेका सांध्यावर रॉकेलचे थेंब सोडतात. ज्या सांध्यावर आवाज बदलला, तिथे फट. त्या दुपारी त्यांनी सगळे सांधे दोनदा पाहिले. मी कान लावून बसले होते. आवाज केसाइतकाही बदलला नाही.

तेवढ्यात पिटुकली झोपेत शिंकली. इंजिन दचकल्यासारखं खाली गेलं, मग सावरलं.

मी सवयीने भिंतीवर एक थाप मारली. हे दारात आले. रॉकेलची कुपी बाजूला ठेवून त्यांना दोन मिनिटं झाली होती, तेव्हा त्यांनी हातही लावला नव्हता. डोकं खाजवत म्हणाले, "हवा ओढतंय हे नक्की. पण कुठून?"

३

पुढचे काही दिवस आठवायला गेले की सगळे मिळून एकच लांब दुपार वाटते. खिडकीच्या काचेवर धूळ असल्यामुळे आमच्या खोलीत ऊन गाळून येतं, फिकट चहासारखं. त्यात कापसाचे तंतू तरंगायचे. भिंत पाठीला गुणगुणायची. माझे डोळे मिटायचे, उघडायचे, आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही. पाळणा हलवायची गरजच उरली नव्हती. आधी ही पोर अर्ध्या तासात उठून घर डोक्यावर घ्यायची. आता आवाज सुरू झाला की तिच्या पापण्या जड व्हायच्या आणि ती तीन-तीन तास झोपायची.

वन्सं दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांची तीन मुलं मोठी झाली. त्या येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, नशीब काढलंस, आमची कार्टी तोफा उडाल्या तरी झोपायची नाहीत. तू पण झोप जरा, डोळे बघ आरशात, घुबड बरं.

मी झोपायला आडवी झाले. पिटुकलीच्या पोटावर हात ठेवायची मला सवय आहे. पोट वर आलं, खाली गेलं. पलीकडे आवाज वर आला, खाली गेला. पोट वर, आवाज वर. मी हात काढला, मनात दुसरंच काही आणलं, कपाटाच्या दारावरचे ओरखडे मोजले, परत हात ठेवला. पोट वर, आवाज वर.

तान्ह्या मुलाचा श्वास भरभर असतो, झुलणारं इंजिनही साधारण त्याच चालीने झुलत असेल. दोन घड्याळं एका खोलीत ठेवली तर कधीतरी त्यांचे ठोके जुळतात. असं मी स्वतःला समजावलं. मग तिने झोपेत एक लांब उसासा टाकला, मोठी माणसं टाकतात तसा, आणि भिंतीपलीकडे इंजिन तेवढंच लांब खाली बसलं, तळाशी थांबलं, आणि ती श्वास घेईपर्यंत वर आलं नाही.

मी थाप मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

४

दवाखान्यात महिन्याचं वजन करायला गेले तेव्हा सिस्टरने काटा दोनदा शून्यावर आणला. पिटुकलीचं वजन वाढलं नव्हतंच, उलट पाव किलो उतरलं होतं. पाजतेस ना नीट, म्हणून विचारलं. पाजते. ताप? नाही. खोकला? नाही. मग काय करते दिवसभर? झोपते, मी म्हटलं. सिस्टरने तिच्या ओठांकडे पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. छाती स्वच्छ आहे, पण दमलेली वाटते, असं म्हणाली. दमायला काय झालं एवढ्याशा जिवाला. आठ दिवसांनी परत आण, वजन अजून उतरलं तर भरती करावं लागेल. धूर कोंडतो का घरात, असंही विचारलं.

धूर. मला एकदम मोकळं वाटलं. धुराने झोप येते, धुराने मूल सुकतं, सगळ्याला उत्तर मिळालं. घरी येऊन मी ह्यांच्यामागे लागले. हे चिडले नाहीत. मूल त्यांचंही आहे. जुना पाइप जोडून त्यांनी इंजिनाचा धूर शटरबाहेर रस्त्यावर सोडला, मग आत येऊन कोपऱ्याकोपऱ्यात वास घेतला, मलाही घ्यायला लावला. वास नव्हता. आधीही नव्हता, ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाले, "अगं, तू रात्रंदिवस तिचा श्वास मोजत बसतेस. असं मोजत बसलं की कुणाचाही चुकल्यासारखा वाटतो."

त्याच दुपारी रोपवाल्या बाई चौकशीला आल्या. इंजिन चालू होतं, पिटुकली आत झोपली होती. बाईंनी ह्यांना काहीच विचारलं नाही. टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या, डोळे मिटले आणि आवाज झुलेल तशा किंचित झुलत राहिल्या. दाराच्या फटीतून मी बघत होते. अर्ध्या तासाने उठल्या.

"आता बरोबर लागलंय," त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, झुलतंय अजून, मला चार दिवस द्या. बाई म्हणाल्या, झुलू दे. शनिवारी न्यायला येते, तोवर बंद नका करू फारसं. जाताना त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मी फट लावून घेतली.

५

दुसऱ्या दिवशी ह्यांनी इंजिन चालू करायच्या आत मी पिटुकलीला घेऊन वन्संकडे गेले. खोटं सांगून गेले, की त्यांच्याकडे लोकरीचं विणकाम शिकायचं आहे. ती दुपार पिटुकली झोपलीच नाही. वन्संच्या सतरंजीवर पालथी पडली, चमचा चोखला, त्यांच्या मोठ्या मुलीच्या वेणीला लोंबकळली, दोनदा पोटभर दूध प्यायली. गालांवर रंग आला. वन्सं म्हणाल्या, ही सुकली असं कोण म्हणतं. मी हसले आणि मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं, पण लोकरीचा गुंडाच माझ्या हातात कोंबला.

संध्याकाळी घरी आले तर हे तोंड पाडून बसले होते. दोरी ओढून त्यांचा खांदा भरून आला होता. दिवसभरात इंजिन पाच ठोक्यांच्या पुढे गेलं नव्हतं. तुम्ही दोघी गेलात की ह्याचा जीव लागत नाही, असं त्यांनी थट्टेत म्हटलं.

मी सगळं सांगितलं. पोट वर, आवाज वर, उसासा, वजन, वन्संकडची दुपार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे माझ्या नवऱ्याचं चांगलं आहे. मग विचारलं, मी काय करू म्हणतेस. मी म्हटलं, नेऊ दे त्यांना तसंच, बंद. ते म्हणाले, उद्या शनिवार, त्या येतीलच, त्यांच्यासमोर एकदा चालवून दाखवतो आणि पाठवून देतो. एक दुपार. तू वन्संकडे जाऊन बैस पाहिजे तर.

मी जाणारच होते. पण शनिवारी जेवल्यावर पिटुकलीला पाजता पाजता मला कुशीवरच झोप लागली.

६

जाग आली ती भिंतीच्या गुणगुणण्याने. बाई यायच्या आत एकदा बघावं, पण मला उठवायला नको, म्हणून हे हळूच इंजिन लावून गेले असणार. पुढे दुकानात सामसूम होती. शटरपाशी दुरुस्तीला आलेली स्कूटर नव्हती, म्हणजे हे तिची चाचणी घ्यायला रस्त्याच्या टोकापर्यंत गेले होते.

पिटुकली माझ्या शेजारी निजली होती. तिच्या अंगावरचं दुपटं पातळ आहे. त्याची कड उचलली गेली, भिंतीकडे झुकली, आणि खाली बसली. परत उचलली गेली. खिडकी बंद होती. ऊन हलत नव्हतं. कापसाचे ते तंतूही आज तरंगत नव्हते, सगळे एका दिशेने हळूहळू चालले होते, माणसं एखाद्या घरी जमायला निघावीत तसे.

मी तिला उचललं. ती जागी झाली नाही. ओठ जांभळट होते. गाल थोपटला, तळपाय चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. तिला खांद्यावर टाकून मी दुकानातून रस्त्याकडे धावले. पण शटरच्या पुढे दोन पावलं गेले तेवढ्यात मागे इंजिनाची रेस आपोआप चढली, आणि तिचा आत घेतलेला श्वास सुटेचना. दोरी ताणावी तसा तो ताणत गेला. मी आणखी एक पाऊल टाकलं, ती खांद्यावर ताठ झाली. मी मागे फिरले. तेव्हा कुठे तिची छाती खाली बसली.

टेबलावर इंजिन थरथरत होतं. मी बंद करायचं बटण दाबलं. चालूच. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढून काढली, चार थेंब फरशीवर पडले. चालूच. प्लगची टोपी उपटली, हाताला झटका बसला, टोपी लोंबत राहिली. चालूच, मंद, झुलत, वर आणि खाली. हे नेहमी सांगतात, इंजिन जगतं तीन गोष्टींवर, पेट्रोल, ठिणगी आणि हवा. दोन मी तोडल्या होत्या.

मी आत आले. तिला मांडीवर घेऊन भिंतीला लागून बसले आणि सरकत सरकत भिंतीवरून हात फिरवत गेले, हे सांध्यांवर थेंब सोडतात तसा, वीत वीत. पाळण्याच्या मागे, माझ्या कमरेच्या उंचीला, जुन्या वायरीचं एक भोक आहे. त्यात मी कधीच कागदाचा बोळा कोंबला होता. बोळा नव्हता. भोक रुपयाएवढं, आत काळोख.

मी त्यावर तळवा ठेवला. आवाज बदलला.

आणि तळव्याला ओढ लागली. वाऱ्याची असते तशी नाही. आधी नुसती चाचपली, मग घट्ट बसली, मग तालात ओढायला लागली. दोन लहान ओढी, एक मोठी, जरा विसावा. पाच महिने दिवसातून आठ-दहा वेळा ही ओढ मी अंगावर सोसली आहे. त्यात चूक होणं शक्य नाही. मऊ होती, ओली होती, दात नव्हते, आणि उपाशी होती.

मी हात काढून भोकात वाकून बघू शकले असते. थोडं दिसलंही, बोटांच्या फटीतून. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एक तोंड होतं, तेवढंच.

हात मी काढला नाही, उलट दाबला. पलीकडे आवाज अडखळला, चढला, चिडल्यासारखा झाला, मग लहान होत गेला. ओढ जोरात झाली, मग घाईची, मग नुसतीच धडपड. माझ्या मांडीवर पिटुकलीची छाती भरायला लागली, एक श्वास, दुसरा, पोटापर्यंत. पलीकडे इंजिनाने दोन उचक्या दिल्या. दुसऱ्या उचकीला मला पान्हा फुटला. कपडा भिजून मांडीपर्यंत ओघळ आला. तेव्हा माझी मुलगी अजून रडली नव्हती. ती रडली त्यानंतर, सगळं थांबल्यावर, घर दणाणून सोडत. तोवर ते दूध कुणासाठी आलं होतं, ते मला ठाऊक आहे.

मी हात बराच वेळ तसाच ठेवला होता. नक्की व्हावं म्हणून.

७

हे स्कूटर घेऊन परत आले तर इंजिन थंड पडलेलं. निघालेली नळी, लोंबती टोपी त्यांनी पाहिली. सगळं जोडून पुन्हा दोरी ओढली, पंधरा-वीस वेळा. एकही ठोका नाही. आत येऊन त्यांनी माझा तळवा पाहिला. मधोमध लाल गोल उठला होता. गरम पाइपला लावलास का, म्हणाले. मग त्यांनी भोकात बोट घातलं, विजेरी मारली. दोन बोटं आत गेल्यावर सिमेंटच लागलं. दुकानाच्या बाजूने त्यांच्या वडिलांनी कधीच बुजवलेलं, ते म्हणाले.

रोपवाल्या बाई चार वाजता हातगाडी घेऊन आल्या. हे त्यांना समजावू लागले, की आज दुपारी चालत होतं, मग काय झालं कळत नाही, अजून आठवडाभर ठेवा, मी बघतो. बाई ऐकत नव्हत्या. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी दारात उभी, पिटुकली दूध पिऊन तृप्त, हात-पाय झाडत माझे केस ओढत होती. माझ्या छातीवरचा ओला डाग अजून वाळला नव्हता. बाईंनी तो पाहिला, मग माझा हात पाहिला. त्या रागावतील, अंगावर धावून येतील असं मला वाटलं, आणि मी पिटुकलीला घट्ट धरलं. पण त्यांनी नुसतं विचारलं, अगदी हळू, बायका बायकांना विचारतात तसं.

"बंद पडताना फार धडपडलं का?"

हे हसले. म्हणाले, इंजिन कसलं धडपडतंय बाई, हवा मिळाली नसेल.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "झोपेतच शांत झालं."

त्यांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाल्या. मग उठून इंजिन त्या मऊ कापडात गुंडाळलं, सगळ्या बाजूंनी, नीट, आणि गाडीवर न ठेवता कुशीत उचलून घेतलं. एवढं जड लोखंड. रिकामी गाडी आमच्या दाराशीच राहिली.